जानेवारीतला पावसाळा

पावसाळा जून ते सप्टेंबर. हे मला चौथीपासून पाठ आहे, आणि कोणी मला हवामान शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. इंग्लंडमधल्या रीडिंग स्टेशनच्या मदत कक्षात मी अकरा वर्षं उभी आहे. वादळ आलं, रुळांवर पाणी चढलं, झाड आडवं झालं, की जॅकेट चढवून मीच लोकांना सांगते, आज प्रवास करू नका, घरी जा. लोक माझ्यावर खेकसतात. मी हसत हसत त्यांच्यावर खेकसते. पगार त्याचाच मिळतो.

त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी माझ्या मुलीने आफ्रिकेतल्या मलावीहून व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाली, "आई, आम्ही जुलैत लग्न करतोय," तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "जुलैत? भर पावसात?"

नवऱ्याला आधी "अभिनंदन" सुचलं. मला पाऊस सुचला.

मुलगी इथलीच, रीडिंगमध्ये जन्मलेली, मिडवाइफ. दोन वर्षांसाठी म्हणून मलावीला गेली, तिथल्या मोठ्या तळ्याकाठच्या एका सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायला. दोन वर्षं संपली तरी परत यायचं नाव नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मुलगा तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवतो. मी त्याला फोनच्या पडद्यावर खांद्यापर्यंत पाहिलं होतं. हसतमुख, नम्र, दात पांढरेशुभ्र. नाव ठेवायला जागा नाही. जागा नसली की माणूस शोधतं.

मी म्हणाले, "जुलैत वर्षावास असतो. भंतेजी कसे येणार?"

आता हे नीट सांगते. आम्ही बौद्ध. मुहूर्त, पंचांग, राहुकाळ यांना आमच्या घरात थारा नाही, आणि ते मी चारचौघांत ठणकावून सांगते. पण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. पावसाच्या तीन महिन्यांत भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. आम्ही संसारी माणसं त्या तीन महिन्यांत दर रविवारी इथला कम्युनिटी हॉल भाड्याने घेतो, ग्रंथ वाचतो, खीर करतो. रीडिंगमध्ये त्या दिवसांत पाऊस नसतो हो. खिडकीबाहेर गोरे लोक गवतावर अर्धे उघडे पडलेले असतात, आणि आत आम्ही पावसाळा पाळत बसलेलो असतो. पण वर्षावास तो वर्षावास.

"आई, जुलै इज द बेस्ट," ती म्हणाली. तिचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, त्यामुळे लिंग-वचन वाऱ्यावर. "सगळा कोरडी असते. थंड असते. रस्ते चांगला असतो. जानेवारीत इट रेन्स, रस्ता बंद होते."

"जानेवारीत कसला पाऊस? बाळा, पावसाळा जून ते सप्टेंबर."

"इथे नाही, आई."

"मला शिकवू नकोस."

ती म्हणाली, "ओके. तू सांग डेट."

मी सांगितली. जानेवारीचा पहिला शनिवार. वर्षावास संपलेला, ख्रिसमसची गर्दी ओसरलेली, सगळ्यांना सुट्टी, हवा कोरडी. किती विचार करून काढली होती म्हणून सांगू! फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "त्यांच्याकडचं त्यांना जास्त माहीत असेल ना?" मी म्हणाले, "अहो, तुम्ही कॉम्प्युटरचं बघा."

एप्रिलमध्ये एडिनबराहून धाकट्या जावेचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग मुद्द्यावर आली. "ताई, शिकलेला आहे, नोकरी आहे, सगळं मान्य. पण काळा गं तो. नातवंडं कशी होतील, विचार केलाय का?"

माझी जी काही सटकली! "तुझ्यासारखी नाही झाली म्हणजे मिळवली," म्हणाले. "तुझ्या नि माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ते काय बघून गं? कोणाचा हात लागला तर बाटतं म्हणणारे लोक मेले म्हणून आपण दिवे लावले, आणि आता तू त्यांची गादी चालवतेस? लाज वाटू दे!" आणि फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, म्हणून सोफ्यावर फेकला.

मग चहा केला. फार बरं वाटत होतं. अर्धा कप झाला असेल, तेव्हा लक्षात आलं की जाऊ जे तोंडाने बोलली ते माझ्या मनात मार्चपासून ऐसपैस बसलं होतं. तिने निदान बोलून तरी दाखवलं. मी त्याला पाऊस म्हणत होते. कप धुऊन ठेवला आणि स्टेशनवर गेले. त्या गोष्टीवर पुन्हा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि ठरवलेलं मी पाळते.

ऑक्टोबरात वर्षावासाचा समारोप झाला. भंतेजींचं जेवण बारा वाजायच्या आत उरकायचं असतं, म्हणून हॉलच्या किचनमध्ये माझी धावपळ चालली होती. भंतेजी वयस्कर, जुन्या शाळामास्तरासारखे, कमी बोलणारे. त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि आमंत्रण दिलं. "भंतेजी, जानेवारीत मुलीचं लग्न आहे मलावीला. तुम्हाला यायचंच आहे. तुमच्यासाठीच वर्षावास टाळून तारीख धरली."

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. "मला विचारलंत कधी?"

"वर्षावासात तुम्हाला निघता येत नाही ना."

"निकडीचं काम असलं तर सात दिवस जाता येतं. नियमातच आहे. उपासकाच्या घरचं लग्न हेही त्यात बसतं. जुलैत आलो असतो मी." त्यांनी भात कालवला. "जानेवारीत माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

मी उभी. हातात खिरीचं पातेलं.

"उपासिके," ते म्हणाले, "तुम्हाला जुलै नको होता की लग्न?"

"भंतेजी, खीर वाढू?" म्हणाले. त्यांनी वाटी पुढे केली आणि पुन्हा विचारलं नाही.

तरीसुद्धा तोवर मला निदान एक आधार होता, की बाकी काही असो, पाऊस तरी मी टाळला आहे. तो आधार नोव्हेंबरात गेला. आम्ही दोघं सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, लस टोचून घ्यायला आणि मलेरियाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. नर्सने आमच्या तारखा कॉम्प्युटरवर टाकल्या आणि म्हणाली, "ओह, पावसाळ्यात चाललात तुम्ही."

मी हसून म्हणाले, नाही नाही, पावसाळा आम्ही मुद्दाम टाळलाय.

तिने पडदा माझ्याकडे फिरवला. मलावी. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, सर्वांत जास्त जानेवारी-फेब्रुवारी. कच्चे रस्ते बंद होतात. पूल वाहून जातात. खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. दिवसाउजेडीच प्रवास करा. डास वाढतात. प्रवासाला सगळ्यांत चांगला काळ मे ते ऑगस्ट. सगळं स्वच्छ लिहिलेलं.

"ते विषुववृत्ताच्या खाली आहे, लव्ह," नर्स म्हणाली. "तिकडे उलटं असतं."

शेजारच्या खुर्चीवर बाही वर करून बसलेला माझा नवरा हसायला लागला. बत्तीस वर्षांच्या संसारात तो इतका मोकळा हसलेला मी पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. मला सुई लागलेली कळलीसुद्धा नाही.

एक सांगते. ही चूक इंग्रज माणूस करणार नाही, त्याला कुठलाच पाऊस पाठ नसतो, तो जिकडे जाईल तिकडचं पुस्तक वाचून जातो. मलावीचा माणूस तर करणारच नाही. जगात कुठेही गेलं तरी पावसाने जूनमध्येच यायचं आणि गणपती गेले की आवरतं घ्यायचं, असं गृहीत धरून चालणारी माणसं फक्त आम्ही. आणि त्यातही तीन दशकं परदेशात राहून ती चूक करायला माझ्यासारखी हट्टी बाई लागते. एवढं मी कबूल करते. कबूल करताना मान खाली घालणार नाही.

घरी येऊन मुलीला फोन लावला. "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितली होती, आई. मार्चमध्ये."

"एकदाच सांगितलंस!"

"किती वेळा सांगायची असते?"

मी लगेच तोडगा काढला. "मग मे महिन्यात करू. नर्सच्या कॉम्प्युटरवर लिहिलंय, मे चांगला."

ती अगदी हळू बोलली. "नाही. एकदा बदललं. आता नाही बदलायचं. जानेवारीतल्या त्या शनिवारी लग्न आहे. तू आली तर आली. नाही आली तर मला कळेल."

"काय कळेल?"

"यू नो, आई."

मला माहीत होतं. जाऊबाई बोलल्या ते, भंतेजींनी विचारलं ते, सगळं त्या पोरीला मार्चपासून माहीत होतं. मी शनिवारी तिथे उभी नसले तर रस्ता बंद होता, विमान रद्द झालं, ताप आला, काहीही सांगितलं तरी तिच्या लेखी एकच अर्थ होणार होता. आणि तो खोटा आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. रडले मी त्या दिवशी. चिडून रडले. आपल्यालाच शिव्या देत रडले.

निघायच्या दोन दिवस आधी जावेचा पुन्हा फोन. तिने बातम्या बघितल्या होत्या. "ताई, तिकडे पूर आलेत. अत्यावश्यक असेल तरच फिरा म्हणतायत. आता नाही गेलात तरी कोणी नाव ठेवणार नाही तुम्हाला."

बिचारी मदतच करत होती. अशी सोन्यासारखी सबब घरपोच आणून दिली, आणि ती ऐकून माझं नक्की झालं. "मी जाणार," म्हणाले. "पोहत जाईन."

"तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"शिकेन!"

गुरुवारी दुपारी मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला उतरलो. पाऊस कोमट होता, आणि माती लाल, इतकी लाल की विमानतळाबाहेर उभ्या गाड्यांच्या चाकांना कुंकू फासल्यासारखं दिसत होतं. मुक्काम गेस्टहाऊसमध्ये. शुक्रवारी सकाळी निघायचं, चार तासांचा रस्ता, दुपारी लेकीकडे, असा बेत. शुक्रवारी सकाळी ठरवलेला ड्रायव्हर आला तो छत्री मिटत मान हलवत आला. तळ्याकाठच्या रस्त्यावर एका पुलाचा भराव रात्रीतून खचला होता. दोन्हीकडे गाड्या अडकलेल्या. "मंडे," तो म्हणाला. "मे बी."

नवरा म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबू. फोन करून सांगू तिला. तिला कळेल ना."

"तिला कळेल! तेच तर!" मी इतक्या जोरात ओरडले की गेस्टहाऊसची बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"अगं पण रस्ताच नाहीये."

"तुम्हाला थांबायचं तर थांबा. मी चालले."

अकरा वर्षं मी लोकांना हेच सांगत आले आहे. रस्ता नाही, गाडी नाही, सोमवारी या. ती माणसं माझ्याकडे असं का बघतात, ते त्या सकाळी मला पहिल्यांदा समजलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला कुठेतरी शनिवार गाठायचा असतो.

ड्रायव्हर भला माणूस. नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत सोडतो म्हणाला, पुढचं तुमचं तुम्ही. नवरा कुरकुरत गाडीत बसला. रस्त्याने खड्डे चुकवत चाललो होतो, आणि दोन्ही बाजूंना मका. माणसापेक्षा उंच, हिरवागार, डोलणारा मका, मैलोगणती. मी नवऱ्याला म्हणाले, "बघा, कशी सुबत्ता आहे. उगाच लोक आफ्रिका म्हटलं की उपाशी समजतात." ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं ते बरं.

पूल जागच्या जागी होता. पुलाला जोडणारा रस्ता नव्हता. वीसेक पावलांचा भराव नदीने गिळला होता आणि तिथून चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं. पण लोक थांबले नव्हते. काठावर मेळा भरला होता. अलीकडच्या मिनीबसमधली माणसं पाण्यातून चालत पलीकडे जायची, पलीकडची अलीकडे यायची आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन पुढे निघायची. कोणी दोन लाकडं आडवी टाकली होती धरायला. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही.

मी विदर्भातली. आमच्याकडे नाल्यावर रपटा असतो, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, आणि लहानपणापासून मार खाऊन शिकलेली एकच गोष्ट असते. तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय घालायचा नाही. ओसरेपर्यंत काठावर बसायचं. माझ्या वर्गातली दोघं वाहून गेली होती रपट्यावरून. मला हे सगळं आठवत होतं. आव आणत नाही, मी घाबरले होते.

"तू साठीची बाई," नवरा म्हणाला.

"अठ्ठावन्न!"

डोक्यावर सुक्या मासळीचं घमेलं घेतलेली एक बाई पाण्यात उतरता उतरता थांबली. माझ्याकडे वळून बघितलं, माझ्या साडीच्या पिशवीकडे बघितलं, आणि काहीतरी बोलून हात पुढे केला. काय बोलली असेल? "चल बाई, पाणी कोणासाठी थांबत नाही," असंच काहीतरी. तिच्या कमरेला इथल्या बायका गुंडाळतात तसं रंगीत कापड होतं. मी एका हाताने तिचा हात धरला, दुसऱ्याने ते कापड. पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीवर. खाली दगड सरकत होते. मधोमध आल्यावर माझा पाय गेला, बूट गेला, आणि मी मोठ्याने पंचशील म्हणायला लागले. खरं सांगायचं तर दोन शीलांच्या मधे एक शिवी असं चाललं होतं, चौथ्या शीलाचा, म्हणजे वाणी शुद्ध ठेवण्याच्या व्रताचा, भंग करत करत. त्या बाईचं घमेलं मात्र तसूभर हललं नाही.

पलीकडे चढवून दिल्यावर ती हसली, हात सोडवून घेतला आणि आपल्या वाटेने गेली. मी धन्यवादसुद्धा त्यांच्या भाषेत म्हणू शकले नाही. नवरा मागून दोघांच्या आधाराने आला, बॅगा कोणाकोणाच्या खांद्यांवरून आल्या, चष्मा शाबूत.

आंब्याच्या झाडाखाली माझा जावई उभा होता. फोनवर खांद्यापर्यंतच दिसायचा, प्रत्यक्षात ताडमाड. "आई, आलात?" म्हणाला. स्वच्छ मराठीत. लेकीने शिकवलेलं. मी "हो" म्हणाले आणि साडीची पिशवी त्याच्या हातात दिली.

त्याच्या शेजारी स्टुलावर छत्री धरून एक बाई बसली होती. माझ्याच वयाची असेल. ही माझी विहीण. सकाळपासून तिथे बसून होती, मी येईन की नाही ते कोणालाच माहीत नसताना. तिने उठून माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं, जिभेने "च्च" केलं, आपल्या चपला काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मी नको नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. हट्टाच्या बाबतीत तोडीस तोड आहे, एवढं तेव्हाच समजलं.

घरी पोहोचलो तेव्हा लेक दवाखान्यातून नुकतीच आली होती, युनिफॉर्मवरच दारात उभी. तिने माझी चिखलाने भरलेली साडी बघितली, पायातल्या दुसऱ्याच्या चपला बघितल्या.

"आलीस?"

"आले."

मग ती माझ्या गळ्यात पडली आणि दोघी हमसून रडलो. "मला वाटला तू नाही येणार," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं," मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायचं आता जिवावर आलं होतं.

शनिवारी विहीणबाईंच्या घरी लग्न लागलं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. दोघं पांढऱ्या कपड्यांत. भंतेजी नव्हते, म्हणून त्रिशरण पंचशील मीच म्हटलं, पावसाच्या वर आवाज चढवून. स्टेशनची सवय कामी आली. त्यांच्या पाद्र्यांनी प्रार्थना केली, बायकांनी अशी गाणी म्हटली की छत उडेल असं वाटावं. एकही विघ्न आलं नाही.

मग जेवण. बायकांच्या चटया वेगळ्या. एकीने तांब्याने सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. चौघींत एक ताट, हीच तिकडची रीत. ताटात मक्याच्या पिठाचा पांढरा, उकडीसारखा घट्ट गोळा, त्याला न्सिमा म्हणतात, सोबत पालेभाजी आणि कोंबडीचा रस्सा. माझ्या ताटावर मी, लेक, विहीणबाई आणि त्यांची बहीण. एका ताटात जेवायचं म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, चांगला काटा. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक पाणीसुद्धा लांबून ओतायचे.

जेवता जेवता माझ्या लक्षात आलं की विहीणबाई आणि त्यांची बहीण सुपारीएवढे घास घेतायत आणि ताटातला गोळा माझ्या बाजूला ढकलतायत. इतर ताटांवरही तेच. पाहुण्यांपुढे ढीग, घरच्या बायकांच्या बोटांना नुसतं लागलेलं. दारातून अंगण दिसत होतं, आणि अंगणात खांबांवर उभी केलेली विणलेली कणगी, आमच्याकडे असायची तशीच. दार उघडं, आत काही नाही. कोपऱ्यात एक कोंबडी पाऊस चुकवत बसलेली.

"ही रिकामी का?" मी लेकीला विचारलं. "शेतं तर भरलेली आहेत."

"ती मका एप्रिलमध्ये निघणार, आई," ती म्हणाली. "गेल्या वर्षीची आता संपली. डिसेंबर ते मार्च इथे सगळ्यांची अशीच असते. उपासाचे महिने म्हणतात. लोक एकदाच जेवतात."

"मग हे एवढं?"

"प्रत्येक घराने थोडा थोडा पीठ दिला." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "जुलैत कणगी फुल असते. म्हणून आम्ही जुलै म्हटलं होतं."

माझा घास हातातच राहिला. ही मला ठाऊक नसलेली गोष्ट नव्हती हो! आमच्याकडे आखाडात हेच. बाहेर सगळं हिरवं आणि घरात डबे खडखडीत. माझी आई सांगायची, पेरणी झाल्यावरचे दिवस सगळ्यांत वाईट. लग्नं उन्हाळ्यात का करायचे? घरात दाणा असायचा म्हणून. आणि मी त्या लाल रस्त्यावरून येताना हिरवा मका बघून सुबत्ता म्हणाले होते. चुलीत गेलं माझं हवामान!

"त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"मुलीच्या आईने मागितली डेट. इथे नाही म्हणत नाहीत."

मी लेकीला म्हणाले, "मी बोलते ते जसंच्या तसं सांग त्यांना. गाळायचं नाही काही."

"आई, नको. जेव ना."

"सांग म्हणते ना!"

मी विहीणबाईंकडे वळले. म्हणाले, "तारीख मी बदलली. भंतेजींचं नाव पुढे केलं, पावसाचं नाव पुढे केलं. सगळं खोटं. मला हे लग्न नको होतं. तुमचा मुलगा काळा म्हणून नको होतं. महिने गेले की पोरीचं मन बदलेल असं वाटलं. माझ्या आजीला ज्या लोकांनी दूर बसवलं, त्यांच्यासारखीच वागले मी, आणि त्यापायी तुमच्या सगळ्या गावाला उपासाच्या महिन्यात लग्न घालायला लावलं. माफ करा म्हणत नाही, ते फार स्वस्त होईल. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

लेकीचा आवाज मधे दोनदा अडखळला, पण तिने सगळं सांगितलं. आजूबाजूच्या चटयांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, हातातला घास खाल्ला, बोटं पुसली आणि माझ्या डोळ्यांत बघत दोन-तीन वाक्यं बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

लेकीने सांगितलं, "त्या म्हणतात, मलाही हे लग्न नको होतं. एवढ्या लांबची सून कोणाला हवी असते? पण मी तारीख नाही बदलली."

एवढं बोलून विहीणबाईंनी ताटात उरलेला गोळा बोटांनी माझ्या बाजूला सरकवला, आणि मी नाही न म्हणता तो सगळा खाल्ला.